जास्तीचा फॉर्म

प्रिय तोताराम,

परवा तुझा तेरावा झाला. पंगती उठल्या, पाहुणे मोटारीच्या वेळेला पळाले आणि गंगूवहिनींनी मला आत बोलावून तुझी खाकी फाईल हातात दिली. म्हणाल्या, "आबा, शाळेचे कागद दिसता. तुम्ही पाहून घ्या, मले त्यातलं काय समजतं?" ती फाईल घरी आणून उघडली. म्हणून लिहायला बसलोय. तू होतास तेव्हा माझं गाव आणि तुझं यावल यांच्यात दीड कोसाचं अंतर, पण तुला कधी साधी चिठ्ठी लिहिली नाही. भेटू तेव्हा बोलू, असं म्हणायचो. शेकडो वेळा भेटलो. एक गोष्ट सोडून सगळं बोललो.

ती गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. कमलचे विषय तिने बदलले नव्हते, तोताराम. मी बदलले. तुला सांगितलं की पोरीने बदलले, आणि पोरीला सांगितलं की मास्तरांनी बदलले.

सात वर्षं झाली. माझी लेक तुझ्या तेराव्याला आली नाही. पारोळ्याहून कार्ड आलं, शाळेला सुटी नाही म्हणून. तेरावा रविवारी होता. वहिनींनी विचारलं, "कमल नाही आली?" मी म्हणालो, "तब्येत बरी नाही तिची." म्हणजे तुझ्या तेराव्याच्या दिवशीही, तुझ्याच ओट्यावर बसून, मी आणखी एक खोटं बोललो.

तुझ्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलेली पोर ती. तुला तोताकाका म्हणायची. दहावीत गेली आणि 'सर' म्हणायला लागली. तू मला हसून म्हणाला होतास, "पोरगी मोठी झाली रे, आता काका नाही म्हणत." मीही हसलो होतो. मोठी झाली म्हणून सोडलं नव्हतं रे तिने.

हे असं मी का केलं, ते सांगायचं तर आपल्या मराठी चौथीपर्यंत मागे जावं लागेल. आठवतं तुला? शाळा तपासणारे डिपोटी साहेब घोड्यावरून आले होते. परीक्षेला आपण तिघंच, तू, मी आणि धर्मा. मला त्रैराशिक घातलं. इतक्या मजुरांनी इतक्या दिवसांत विहीर खणली, तर तितक्या मजुरांना किती दिवस? माझी विहीर कोरडीच राहिली. तू पास, धर्मा पास, मी नापास. पुढल्याच वर्षी मानमोडीच्या साथीत धर्मा गेला, मास्तरांची बदली झाली, बापाने मला केळीच्या मळ्यात घातलं. आणि गावात, कसं कोण जाणे, 'सुपडू चौथी शिकलेला आहे' असं होऊन बसलं. मी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता. तो चाळीस वर्षांत एकदाही, थट्टेतसुद्धा, ते बोलला नाही.

तू पुढे सातवी झालास, फायनल झालास, मराठी शाळेत मास्तर झालास. मग नोकरी करता करता बाहेरून मॅट्रिकला बसलास. दोनदा आपटलास. दोन्ही वेळा स्वतःच माझ्या मळ्यात येऊन सांगितलंस, "गेलो रे पुन्हा इंग्रजीत," आणि माझ्याच भाकरीतली अर्धी मोडून खाल्लीस. मला तेव्हा तुझं आश्चर्य वाटायचं. नापास झाल्याचं हा माणूस असं कसं चारचौघांत सांगतो? याला लाज कशी वाटत नाही? तिसऱ्यांदा वर्तमानपत्रात नंबर आला, आणि तू म्हणालास, "बाहेरून बसण्याचं एक बरं असतं, सुपडू. आधी किती वेळा पडला ते कोणी विचारत नाही."

मी मात्र घरीच शिकत राहिलो. पुड्यांचे कागद वाचले, पंचांग वाचलं, वाण्याच्या दुकानातलं दोन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र वाचलं. तिशीत तुझ्याकडून बांधावर बसून त्रैराशिकही शिकलो, कारण ती विहीर मला सोडत नव्हती. अक्षर वळणदार झालं. मग गावात कोणाचं पत्र आलं, कोणाला अर्ज लिहायचा असला, की "आबाला दाखव" असं सुरू झालं. मला त्याची गोडी लागली. 'मला माहीत नाही' हे शब्द मी बोलायचे सोडूनच दिले.

स्वराज्य आल्यावर थोड्याच वर्षांत मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली. लोक विचारायला आले, आबा, हे नवीन काय? मी ऐटीत सांगून टाकलं, "नाव बदललं, बाकी तेच ते." आणि संध्याकाळी गुपचूप तुझ्याकडे आलो. तू आता हायस्कुलात मास्तर होतास, परीक्षेच्या फॉर्मांचं सगळं काम तुझ्याकडेच होतं.

"तेच नाही रे भो," तू म्हणालास. खडू घेऊन ओट्याच्या फरशीवर रेघा ओढल्यास. "ही मराठी चौथी. इथून एक फाटा सातवीकडे, फायनलकडे. फायनल झाला की प्राथमिकचा मास्तर होतो, तलाठी होतो. दुसरा फाटा हायस्कुलाचा, अकरावीपर्यंत. आधी त्या टोकाला मॅट्रिक होती. ती युनिव्हर्सिटीची परीक्षा. पास झाला तो कॉलेजात जायला लायक. आता तिथे एस.एस.सी. आहे. ती बोर्डाची. तिच्यावरून एवढंच समजतं की याने शाळा पुरी केली."

"मग कॉलेजचं काय?"

"ते विषयांवर. बीजगणित-भूमिती सोडून नुसतं अंकगणित घेतलं, विज्ञानाच्या जागी आरोग्यशास्त्र घेतलं, तरी पास तो पासच. नोकरी मिळंल, ट्रेनिंगला जाता येईल. पण सायन्स कॉलेजचं दार लागलं म्हणून समज."

"पास होऊन दार लागतं?"

"दार पास-नापासावर नाही, सुपडू. कोणत्या वाटेने पास झाला त्याच्यावर आहे."

हे मला त्याच दिवशी पक्कं कळलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. कारण पुढे मी स्वतःशी म्हणत आलो, आपण पडलो अडाणी, आपल्याला काय कळणार विषय-बिषय. कळलं होतं. फरशीवरच्या त्या रेघा मला आत्ताही दिसतात. अडाणीपण मी गरजेपुरतं अंगावर घेत होतो, थंडीत घोंगडी घ्यावी तसं.

कमल नववीत होती तेव्हाची गोष्ट तुला मीच कौतुकाने सांगितली होती. नवीन केळी लावायची होती. मी आणि सालदार दोरी धरून ओळी आखत होतो आणि दर खेपेला पलीकडच्या टोकाला ओळ तिरपी जात होती. सालदार म्हणे, "आबा, जमीनच वाकडी आहे." कमल बांधावर बसून हसत होती. उठली, दोरीला सारख्या अंतरावर बारा गाठी मारल्या, तीन, चार आणि पाच गाठींच्या बाजू करून खुंट्या ठोकल्या आणि म्हणाली, "हा झाला काटकोन. आता याच्यावरून ओढा." त्या वर्षी केळी उगवून वर आली तेव्हा पहिल्या खोडामागे सगळी ओळ लपायची.

"कोणी शिकवलं हे?" मी विचारलं.

"तोताकाकांनी. आबा, मी बी हेच शिकवीन. पण मराठी शाळेत नाही, हायस्कुलात. बाई हायस्कुलात गणित शिकवते असं कुठी पाहिलं का तुम्ही?"

नव्हतं पाहिलं. पाहायला मिळालं असतं.

नववीचा निकाल लागला. गणितात अडतीस. विषय पसंतीचा कागद तू तिच्याबरोबर घरी पाठवलास, पालकाच्या सहीसाठी. तिने पेन्सिलीने विषय लिहून ठेवले होते, बीजगणित-भूमिती, पदार्थविज्ञान-रसायन. म्हणाली, "शाईने तुम्ही लिहा आबा, तुमचं अक्षर चांगलं आहे." आणि आईबरोबर मळ्यात गेली.

त्याच आठवड्यात धुळ्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मध्यस्थ म्हणाला होता, "मुलाकडच्यांना एस.एस.सी. पास पोरगी पाहिजे. शिकत होती, बसली होती, असली नको. तशा पोरी खंडीभर पडल्यात." त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या एकाचा मुलगा गणितात गेला होता, आणि त्याची आई पाण्याला जायची वेळ बदलून दुपारी जाऊ लागली होती. अडतीस मार्क. पस्तिसाला पास. तीनच मार्कांचा काठ, आणि पलीकडे विहीर. मला ती कोरडी विहीर दिसली रे. डिपोटी साहेबांचा घोडा दिसला. माझी पोर नापास म्हणून गावात ओळखली जाईल, एवढं एकच मनात राहिलं.

तिच्याच कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं. तिने लिहिलेलं पुसलं. आणि माझ्या त्या चांगल्या अक्षरात शाईने अंकगणित लिहिलं, आरोग्यशास्त्र लिहिलं, खाली सही ठोकली आणि घडी करून पाकिटात घातलं. पाच मिनिटंही लागली नसतील.

शाळा उघडली त्या दिवशी कमल दप्तर न ठेवता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, माझं नाव दुसऱ्या तुकडीत वाचलं. कागदावर काय लिहिलं होतं तुम्ही?"

"तू सांगितलं तेच."

"मग?"

आता खरं बोलायला मला एक क्षण मिळाला होता. मी म्हणालो, "मास्तरांनी ठरवलं असेल. मुलींना जड जातं म्हणत होते. तुझे अडतीस पाहिले त्यांनी."

"तोताकाका म्हणाले असं?"

"म्हणाले."

ती बराच वेळ दप्तराचा पट्टा पिळत राहिली. मग म्हणाली, "मले एकदा विचारायचं तरी."

तिसऱ्या दिवशी तू सायकलवर आलास. सायकल लावलीसुद्धा नाहीस, हातात धरूनच उभा राहिलास. "सुपडू, पोरीनं असं काहून केलं?"

"जड जातं म्हणते."

"तिला? अरे, माझ्या वर्गात काटकोन डोळ्यानं ओळखणारी एकच पोरगी आहे ती. अडतीस पडले ते आकडेमोडीच्या घाईनं. पाठव माझ्याकडे रविवारी, अडतीसचे सत्तर करतो."

"नको. तू तिच्यापाशी विषयच काढू नको. रडते."

आणि तू काढला नाहीस. दोन वर्षं तुम्ही दोघं एका शाळेत होतात. तुला वाटायचं पोर भ्याली आणि तिला आणखी लाजवू नये. तिला वाटायचं सरांनी आपल्याला कमी लेखलं आणि आता विचारून काय उपयोग. खोटं टिकलं ते माझ्या हुशारीने नाही. तुम्ही दोघं भिडस्त म्हणून टिकलं. कधी कधी मनात येतं, तोताराम, तू एकदा तरी तिला वर्गाबाहेर बोलावून विचारायला हवं होतंस. पण हे तुला म्हणायला माझ्याकडे तोंड कुठे आहे? मीच नको म्हणालो होतो.

अकरावीच्या परीक्षेला आपण सगळे जळगावला होतो. पोरांच्या आया पीठ, स्टो, भांडी घेऊन धर्मशाळेत उतरल्या होत्या. सकाळी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, आणि पोरं भिंतीकडे तोंड करून घोकत बसलेली. तू रोज सेंटरच्या फाटकाशी उभा राहायचास, हातात जास्तीचे टाक आणि शाईची दौत. अंकगणिताचा पेपर सुटला तेव्हा मी तुझ्या बाजूलाच होतो. कमल बाहेर आली.

"कसा गेला?" तू विचारलंस.

ती म्हणाली, "सोपाच जाणार, सर. तुम्ही दिलेला विषय आहे."

तू तिच्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी खाली वाकून वहाणेचा अंगठा सारखा करू लागलो. तो तुटला नव्हता. वर पाहिलं तेव्हा तू दुसऱ्या मुलाला टाक परत घ्यायला हात पुढे करून उभा होतास.

पोर पास झाली, चांगल्या मार्कांनी. मी गावात पेढे वाटले. धुळ्याच्या त्या स्थळाने निकालाची वाटसुद्धा पाहिली नव्हती, वैशाखातच दुसरीकडे साखरपुडा उरकला होता. ज्यांच्यासाठी मी पोरीची वाट मोडली, त्यांना तिचं नावही धड ठाऊक नव्हतं.

तरी कमलने हट्ट धरला, जळगावला कॉलेजात विचारून तरी येऊ. मला उत्तर ठाऊक होतं. तरी गेलो, कारण न जाण्याचं कारण सांगता आलं नसतं. कचेरीतला कारकून भला माणूस होता. मार्कांचा कागद वर-खाली पाहून म्हणाला, "मार्क छान आहेत, बाळ. पण बीजगणित-भूमिती नाही, विज्ञान नाही. सायन्सला कसं घेणार? हे विषय कोणी घ्यायला लावले तुला?"

कमलने तुझं नाव सांगितलं. स्पष्ट, पूर्ण नाव. मी तिच्या शेजारी उभा होतो. खिडकीबाहेर एक गडी झाडांना पाणी घालत होता, त्याच्याकडे बघत होतो.

त्यानंतर ती आठ दिवस मामाकडे बोदवडला गेली. तेवढ्यात तू आलास. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, खिशातून घडी काढून माझ्यापुढे धरलीस.

"बाहेरून बसणाऱ्यांचा फॉर्म आहे. पास झालेल्यालाही सुटे विषय घेऊन पुन्हा बसता येतं, मी बोर्डाला पत्र घालून विचारून घेतलं. बीजगणित-भूमिती आणि विज्ञान. मी शिकवतो रविवारी. एक वर्ष जाईल, पण वाट मोकळी होईल. तिला सांग, भ्यायचं काम नाही, मी दोनदा नापास झालेला मास्तर आहे."

मग तू माझ्या केळीच्या बागेकडे हात केलास. "घड कापला म्हणून बाग संपते का रे? बुडाशी फुटलेलं पील ठेवतोच ना आपण?"

मी म्हणालो, सांगतो.

नाही सांगितलं. कसं सांगणार? तू रविवारी शिकवायला बसला असतास, आणि पहिल्याच रविवारी तिने विचारलं असतं, सर, मग तेव्हा का नाही म्हणालात? फॉर्म मी जुन्या पंचांगात घातला. पंधरा दिवसांनी तू विचारलंस, मी म्हणालो, "नको म्हणते." तू म्हणालास, "बरं." एवढंच. मुदत उलटल्यावर तो फॉर्म मी चुलीत घातला. पहिला गुन्हा भीतीपोटी झाला, असं म्हणून मी थोडा तरी सुटेन. हा दुसरा मी शुद्धीत केला.

मग धुळ्याचं ट्रेनिंग कॉलेज. नाव घालायला मीच घेऊन गेलो. दारावरच्या म्हाताऱ्या बाईने कागद पाहिले आणि कमलकडे बघून अहिराणीत म्हणाली, "बठ्ठा कागद बराबर शे, मंग काबर रडी राहीनी व बाय?" कमलने डोळे पुसले आणि म्हणाली, "धूळ गेली." नंतर ती चांगली मास्तरीण झाली. पारोळ्याला पहिलीच्या मुलांना पाढे शिकवते. मुलं तिला सोडत नाहीत, असं तिथले लोक सांगतात. ते काम लहान नाही, तूही तिथूनच सुरुवात केलीस. पण तू स्वतः निवडून पुढे गेलास. तिला मी तिथे नेऊन सोडलं.

तू गेल्याचं मी कळवलं, तेव्हा तिचं कार्ड आलं. 'वाईट वाटलं. त्यांनी मला खूप शिकवलं. पण त्यांनी मला एकदा विचारलं असतं तर, हे मनातून जात नाही.' तेच वाक्य, सात वर्षांपूर्वीचं. ते माझ्यासाठी होतं आणि तुझ्या पत्त्यावर जात राहिलं.

आता फाईलीत काय निघालं ते सांगतो. तुला ठाऊकच आहे. पाच फॉर्म. बाहेरून बसणाऱ्यांचे, कोरे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तुझ्या पेन्सिलीने साल घातलेलं. मला आधी उमजेना. काल पुन्हा वहिनींकडे गेलो, विचारलं, हे कोणाचे? वहिनी म्हणाल्या, "दरसाल एक जास्तीचा आणत. मी म्हणे, हा कोणासाठी? तर म्हणत, एखादी पोरगी येईल विचारायला, तेव्हा धावपळ नको. यंदाचा तर आजारात आणला. शाळेतून शेवटी आणलेला कागद तोच."

एखादी पोरगी. वहिनींपाशीसुद्धा तू नाव घेतलं नाहीस.

तुला कळलं होतं का रे? जळगावला फाटकाशी तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हाच कळलं होतं का? आणि कळूनही, चाळीस वर्षं माझी चौथी झाकलीस तसं हेही झाकून ठेवलंस? पाच वर्षं तू जास्तीचा फॉर्म आणत होतास, आणि मी तुझ्याकडे हुरडा खायला येत होतो, केळी घेऊन येत होतो, वहिनींच्या हातचं भरीत खात होतो. एकदा तरी माझ्या छातीत बुक्की मारायची होतीस. तुझ्या त्या 'बरं'पेक्षा ती मला सोसली असती.

मला भीती वाटते, तोताराम. तुझं 'काका' गेलं, तसं माझं 'आबा' जाईल. म्हातारपणी दुसरं काय आहे माझ्याजवळ? तिची आई म्हणते, "आता उकरून काय करता, मास्तर तर गेले." तिला मी आज सकाळी सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून राहिली, भाकरी करपली तरी उठली नाही. मग म्हणाली, "जा. पण जेवून जा."

तुला शब्द देतो तो ऐक. उद्या सकाळच्या मोटारीने निघतो, जळगावला बदलून पारोळा. कमलला आधी हे पत्र वाचायला देणार, मग यंदाचा फॉर्म. मुदत अजून आहे. पत्र वाचून ती मला दारातून परत पाठवील तरी फॉर्म तिच्या हातात ठेवूनच वळेन. तिने तो भरावा की फाडावा, पुढे कॉलेजात जावं की पहिलीच्याच पोरांत राहावं, यावर मी एक अक्षर बोलणार नाही. ती विचारेल तेवढ्याचंच उत्तर देईन, आणि खरं देईन. आणि गावात यापुढे कोणी कागद घेऊन आलं आणि मला माहीत नसलं, तर माहीत नाही म्हणेन. चौथीचंही सांगेन. वहिनींना कमलच्या तब्येतीचं जे खोटं सांगितलं, ते पारोळ्याहून परतताना तुझ्या ओट्यावर बसूनच दुरुस्त करीन.

फॉर्म पाकिटात घालण्याआधी सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. नाव, पत्ता, जन्मतारीख, विषय, उमेदवाराची सही. पालकाच्या सहीला त्यात जागाच नाही.

तुझा,
सुपडू
मराठी चौथी नापास